पार्ट धुवायचे, पण घरात नाही



मागच्या पावसाळ्यात वेळापुरातल्या आपल्याच वस्तीत एका घरी बाळंतिणीला बघायला गेले होते. उंबऱ्यावरच पेट्रोलचा वास आला. आत बघते तर खाटेखाली जर्मनचं भगुलं, त्यात काळं झालेलं पेट्रोल आणि पेट्रोलात मोटरसायकलचा कार्बोरेटर भिजत घातलेला. पाऊस आत येतो म्हणून दार निम्मं लावलेलं, खिडकी बंद. खाटेवर दहा दिवसांचं बाळ. चार हातांवर गॅसची शेगडी. मी आले म्हणून बाळाची आजी चहा ठेवायला उठली. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आत्याबाई, चहा राहू द्या. आधी ते भगुलं बाहेर न्या."

घरातला थोरला मुलगा गॅरेजला जातो. तो हसत म्हणाला, "मावशी, रोजचंच काम आहे. काय होत नाही."

हे "काय होत नाही" मी नर्स म्हणून काम करत असताना जळीत वॉर्डात फार ऐकलंय. एका आईचं बोलणं अजून कानात आहे. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा दोन्ही पायांनी आणि हातांनी भाजून आला होता. ती प्रत्येकाला एकच सांगत होती, "पेट्रोल तर तिकडं कोपऱ्यात होतं हो. मी स्टोव्ह इकडं पेटवला." ती खोटं बोलत नव्हती. पेट्रोल खरंच लांब होतं. पण पेट्रोलची वाफ लांब नव्हती, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते आज आपल्या पानावर सांगायचं आहे.

हे काम घरात येतं कसं?

आपल्या माळशिरस तालुक्यात ऊस आहे, कारखाने आहेत, म्हणून ट्रॅक्टर, ट्रॉल्या, पाण्याचे पंप, मोटरसायकली भरपूर. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. त्याआधी पावसाळ्याच्या दिवसांत गाड्यांची इंजिनं खोलायची, धुवायची, दुरुस्त करायची कामं निघतात. गॅरेजमध्ये जागा कमी, काम जास्त. मग ग्रीस आणि काजळी बसलेले पार्ट पोरं पोत्यात घालून घरी आणतात. रात्री भिजत घालायचे, सकाळी घासून परत न्यायचे. काही घरांत आई आणि बहिणीही घासायला बसतात. आणि बाहेर पाऊस असतो म्हणून हे काम नेमकं आतल्या खोलीत होतं. जिथं स्वयंपाक, तिथंच झोप, तिथंच लेकरं आणि तिथंच पेट्रोलचं भगुलं.

कष्ट करून खाणाऱ्या पोराला मी नावं ठेवत नाही. पण धोका कुठं आहे ते कळलं, तर तेच काम वेगळ्या रीतीने करता येतं.

पेट्रोलची वाफ जमिनीवरून चालते

पेट्रोल पेटतं म्हणजे खरं तर त्याची वाफ पेटते. रॉकेलला किंवा तेलाला वाफ व्हायला थोडी उष्णता लागते. पेट्रोलला लागत नाही. शून्याच्या खाली चाळीस अंश थंडीतसुद्धा त्याची पेटण्याइतकी वाफ होते. मग आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या हवेत उघड्या भगुल्यातून किती वाफ निघत असेल, विचार करा.

ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी खाली पसरते. खाटेखाली साचते, उंबऱ्यावरून पलीकडच्या खोलीत उतरते, मोरीत शिरते. शंभर भाग हवेत साधारण दीड भाग वाफ मिसळली तरी ठिणगी पुरते. ठिणगी म्हणजे फक्त काडी नव्हे. शेगडी, स्टोव्ह, दिवा, उदबत्ती, विडी, लाइटचं बटण, फ्रिजचं आपोआप चालू होणं, चार्जरची पिन काढताना होणारी चटचट, यातलं काहीही चालतं. आग लागते शेगडीपाशी आणि वाफेच्या वाटेने उलटी धावत भगुल्यापर्यंत येते. पार्ट घासणारा तिथंच मांडी घालून बसलेला असतो, म्हणून पाय आणि हात आधी भाजतात.

वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली, असंही समजू नका. नाक वासाला सरावतं. घरातल्या माणसांना वास येत नाही आणि बाहेरून आलेल्याला उंबऱ्यावर येतो, तो यामुळेच.

आग लागली नाही तरी पेट्रोल सोडत नाही. पेट्रोलात बेंझिन नावाचा पदार्थ थोड्या प्रमाणात असतो. बेंझिन वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिलं तर हाडांच्या आतला मगज, जिथं रक्त तयार होतं, तो बिघडतो. रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तोंडाला रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून ही वाफ अडत नाही. गरोदर बाई आणि तान्हं बाळ तर त्या खोलीत असताच कामा नये.

रॉकेल आणि डिझेल चालेल का?

पेट्रोलपेक्षा बरं, पण निर्धास्त नाही. रॉकेल साधारण पस्तीस ते चाळीस अंश तापलं की पेटण्याजोगी वाफ देऊ लागतं. डिझेलही त्याच्या आसपासचं. थंडीत हे ठीक. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. त्या दिवसांत रॉकेलचं भगुलंही पेट्रोलसारखं वागू शकतं. "लवकर निघतं" म्हणून रॉकेल किंवा डिझेल गरम करून पार्ट धुणं म्हणजे आगीला बोलावणं. ते कधीच करू नका.

कॉस्टिक सोडा: आग नाही, पण जाळतो

पेट्रोल महाग, म्हणून काही जण कॉस्टिक सोडा आणतात. गरम पाण्यात टाकला की ग्रीसचा साबण होतो आणि पार्ट चकाचक निघतो. हे खरं आहे. पण आपल्या कातडीखालीही चरबीच आहे. सोडा तिचाही साबण करतो. सोड्याचं पाणी हाताला बुळबुळीत लागतं, ती बुळबुळ म्हणजे आपलीच कातडी विरघळायला लागलेली असते. सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस काम करत राहतो. दुखायला लागतं तोवर जखम खोल गेलेली असते. डोळ्यात एक थेंब उडाला तर बुबुळ पांढरं पडून नजर जाऊ शकते.

दुसरी गोष्ट भांड्याची. आपल्याकडची जुनी भगुली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. कार्बोरेटर, इंजिनचं हेड, पिस्टन हेही बहुतेक ॲल्युमिनियमचेच. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. फसफसून फेस येतो, भगुलं तापतं आणि जो वायू निघतो तो हायड्रोजन, म्हणजे पुन्हा पेट घेणारा. भांडं गेलं, पार्ट गेला, आणि वर अंगावर उकळता सोडा. माझ्या स्वतःच्या माहेरी भावाने असंच स्वयंपाकाच्या भगुल्यात पार्ट टाकले होते. तेव्हा मी नर्सिंग शिकत होते आणि मलाही यातलं काही कळत नव्हतं. आईचं भगुलं भोकं पडून गेलं, भावाचा डोळा थोडक्यात वाचला.

सोड्यावर पाणी कधी ओतू नका, तो एकदम उसळतो. वापरायचाच झाला तर प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थंड पाणी आणि त्यात सोडा चमच्याने थोडा थोडा. पण माझं स्पष्ट सांगणं आहे की लेकरं असलेल्या घरात कॉस्टिक सोडा आणूच नये.

ॲसिड, थिनर आणि स्प्रे

गंज काढायला संडास धुवायचं ॲसिड किंवा बॅटरीचं ॲसिड वापरतात. त्याची वाफ घशाला आणि छातीला झोंबते. त्यातच कुणी ब्लिचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करायचं द्रावण मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. सोड्याच्या पाण्यात ॲसिड ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. दोन रसायनं एका भांड्यात कधीच नको.

थिनरने डोकं जड होतं, चक्कर येते, नशा आल्यासारखं वाटतं. रोजचं झालं की विसराळूपणा, चिडचिड, हातापायांना मुंग्या सुरू होतात. ब्रेक किंवा कार्बोरेटर धुवायचे स्प्रे मिळतात, तेही उघड्यावरच मारायचे. काही स्प्रेंमध्ये क्लोरीन असलेली रसायनं असतात. ओल्या पार्टवर लगेच वेल्डिंग केलं तर त्यातून फार विषारी वायू निघतो. पार्ट पूर्ण सुकल्याशिवाय वेल्डिंगजवळ नेऊ नका.

हाताला पेट्रोल लावू नका, तोंडाने पाइप ओढू नका

काम संपलं की पोरं पेट्रोलने हात धुतात. ग्रीस निघतं, पण कातडीचं तेलही निघून जातं. मग भेगा पडतात, खाज येते आणि त्या भेगांतून काळं ऑइल आत जातं. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये काजळीसारखे पदार्थ असतात. काजळीने कातडीचा कर्करोग होतो, हे इंग्लंडमध्ये पर्सिव्हल पॉट या डॉक्टरांनी १७७५ साली दाखवून दिलं. धुराडी साफ करणाऱ्या गरीब पोरांना पुढे वृषणाच्या कातडीला हा रोग व्हायचा. तेव्हापासून जगाला माहीत आहे की अंगावर मुरलेली काजळी आणि तेल निरुपद्रवी नसतं. ऑइलने भिजलेली चिंधी पॅन्टच्या खिशात ठेवायची सवय म्हणून मोडा.

हात धुवायची साधी रीत अशी. आधी थोडं गोडं तेल किंवा खोबरेल चोळा, ग्रीस सुटेल. मग बेसन किंवा भांड्याचा साबण लावून कोमट पाण्याने धुवा. शेवटी पुन्हा खोबरेल लावा. कामाचे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर भिजवू नका.

टाकीतून पेट्रोल काढताना पाइप तोंडाने ओढतात, हे तर बंदच व्हायला हवं. घोटभर पेट्रोल चुकून छातीत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. हातपंपाचा पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

मग पार्ट धुवायचा कसा?

१. जागा उघड्यावर. झाडाखाली, अंगणात, गॅरेजच्या मागे. पाऊस असेल तर चारी बाजूंनी उघड्या छपरात. शेगडी, चूल, विडी यांच्यापासून लांब.

२. आधी कोरडं खरवडा. लाकडी पट्टी, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जुना टूथब्रश घ्या. निम्मं ग्रीस असंच निघतं आणि रसायन कमी लागतं.

३. प्लॅस्टिकच्या बादलीत गरम पाणी, त्यात कपड्यांची पावडर किंवा भांड्याचा लिक्विड साबण चांगला मूठभर. पार्ट रात्रभर भिजू द्या. सकाळी ब्रशने घासा. बहुतेक ग्रीस निघतं. पाण्यात मिसळायचं डीग्रीझरही बाजारात मिळतं, ते पेट्रोलपेक्षा कितीतरी बरं. बादलीवर झाकण ठेवा आणि ती बादली पुन्हा घरात वापरू नका.

४. धुतलेला पार्ट उन्हात वाळवा आणि लोखंडी असेल तर लगेच तेलाचा हात फिरवा, म्हणजे गंजणार नाही. पाण्याने गंजतो म्हणून पेट्रोल, ही सबब मग उरत नाही. विजेचे पार्ट मात्र पाण्यात घालू नका.

५. अगदीच निघत नसेल तर वाटीभर डिझेल, तेही उघड्यावर, ऊन चढायच्या आधी, झाकण असलेल्या लोखंडी ट्रेमध्ये. काम झालं की झाकण. पेट्रोल मुळीच नको.

६. हातात नायट्राइलचे हातमोजे. दवाखान्यातले पातळ पांढरे हातमोजे डिझेलमध्ये फुगून फाटतात. डोळ्याला चष्मा. सोडा-ॲसिडसाठी तर चष्म्याशिवाय बसूच नका.

७. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल, रॉकेल, सोड्याचं पाणी, ॲसिड कधी भरू नका. उन्हातून खेळून आलेलं लेकरू बाटली दिसली की तोंडाला लावतं. मूळ डबा, घट्ट झाकण, कुलूप, आणि जागा घराबाहेर.

झालंच काही तर

*कपडे पेटले तर* पळू नका. जमिनीवर आडवे व्हा आणि लोळा. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग दाबावी. भगुलं पेटलं तर त्यावर पाणी टाकू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. झाकण, माती किंवा वाळू टाका. पेटलेलं भांडं उचलून पळू नका. आग मोठी असेल तर भांडं सोडा, माणसं बाहेर काढा.

*भाजलं तर* वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, कोरफड, अंडं काही लावू नका. पेट्रोलने भिजलेले कपडे काढा, पण कातडीला चिकटलेले ओढू नका. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. स्वच्छ कापडाने सैल झाका.

*सोडा किंवा ॲसिड अंगावर पडलं तर* कोरडी पावडर आधी झटका, मग भरपूर पाणी, निदान वीस मिनिटं. सोड्यावर लिंबू, ॲसिडवर सोडा, असले उपाय करू नका. त्याने आणखी उष्णता होते.

*डोळ्यात गेलं तर* एक क्षणही वाया घालवू नका. पापणी बोटांनी उघडी धरा आणि नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाणी सोडा, वीस ते तीस मिनिटं. अंगावरचं दूध, मध, तूप घालू नका. दवाखान्यात नेण्याची घाई बरोबर आहे, पण आधी पाणी, मग गाडी.

*पोटात गेलं तर* उलटी करवू नका. मिठाचं पाणी नको, बोटं घालणं नको. रॉकेल, पेट्रोल उलटीबरोबर छातीत जातं आणि सोडा वर येताना घसा दुसऱ्यांदा जाळतो. शुद्धीत असेल तर चूळ भरायला लावा. ज्या बाटलीतून प्यायलं ती बाटली बरोबर न्या. रॉकेल प्यायलेलं लेकरू तासाभराने खेळायला लागलं तरी दवाखान्यात दाखवाच. खोकला, जलद श्वास, ताप पुढच्या चोवीस तासांतही सुरू होऊ शकतो.

*वाफेने चक्कर आली तर* माणसाला मोकळ्या हवेत आणा. दारं-खिडक्या उघडा, पण विजेचं बटण दाबू नका.

कोणत्याही वेळी १०८ ला फोन करा, रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत. जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. मोठं भाजणं असेल तर पुढे सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात पाठवतात.

उरलेलं काळं पाणी

ते गटारात, विहिरीजवळ किंवा पाटात ओतू नका. गटारातून पेट्रोलची वाफ शेजारच्या मोरीत निघते, आणि जमिनीत मुरलेलं ऑइल आपल्याच हापशाला येतं. चुलीत लवकर पेटतं म्हणून ऑइलच्या चिंध्या घालू नका, धुरातून विष आपल्याच लेकरांच्या छातीत जातं. जुनं ऑइल आणि मळकं डिझेल एका कॅनमध्ये साठवा आणि गॅरेजला परत द्या. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. त्याची विल्हेवाट लावणं हे काम गॅरेजचं आहे, आपल्या मोरीचं नाही.

हे काम कुणाचं?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कारखान्यातला कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. कामगाराच्या शरीराचा हिशेब मालकाने आणि सरकारने ठेवला पाहिजे, ही त्यामागची जाण. पण कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. पोत्यात घालून घरी आणलेल्या पार्टच्या मागे कुणी निरीक्षक येत नाही. गॅरेजवाला पार्टमागे जे पैसे देतो, त्यात घासण्याची मजुरी असते. डोळा, फुप्फुस आणि घर जळण्याचा धोका त्यात धरलेला नसतो. तो आपण फुकट देतो.

म्हणून पोरांनो, मालकाला सांगा की धुण्याचं काम गॅरेजमध्येच करू, तिथं छप्पर, बादली, हातमोजे आणि चष्मा द्या. एकट्याने सांगितलं तर दुसरा पोरगा बघतील. वस्तीतली सगळी पोरं मिळून बोलली तर ऐकावं लागेल. आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कुणीही कामावर ठेवू शकत नाही, चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याच्या कामाला लावता येत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली ही दुरुस्ती झाली आहे. मूल अडकलेलं दिसलं तर १०९८ वर फोन करा.

त्या बाळंतिणीच्या घरचं सांगायचं राहिलं. भगुलं त्याच दिवशी बाहेर गेलं. पुढच्या आठवड्यात मी गेले तर छपराखाली झाकणाची बादली होती आणि तो मुलगा साबणाच्या पाण्यात चेन घासत होता. "वेळ जास्त लागतो, मावशी," म्हणाला. लागतो, खरं आहे. आत शेगडी पेटलेली होती, बाळ झोपलेलं होतं, आणि यावेळी मी चहा पिऊन आले.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एवढं एक करा. आपल्या गल्लीत कुणाकडे पार्ट धुतात ते विचारा, आणि हे पान वाचता न येणाऱ्या आजीला वाचून दाखवा. शेगडी बहुतेक वेळा तीच पेटवते.

जयभीम.